समुद्र अडवायला शिकून ये

परदेशात राहून आलेल्या माणसाला गावात आधी जेवणाचं विचारतात, म्हणून तेच आधी सांगून टाकतो. हॉलंडमध्ये सकाळी पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरतात आणि साठी उलटलेली माणसंही ते न लाजता खातात. दुपारी पुन्हा पाव, संध्याकाळी बटाटे. हे ऐकून आमच्याकडची माणसं माझ्याकडे दयेने बघतात आणि मग विचारतात, "मंग काम काय व्हतं तुला तिकडं?" मी सांगतो, बटाटे लावायचे आणि बटाटे काढायचे. त्यावर त्यांचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडतो. विमानात बसून बटाटे काढायला गेलेला आमच्या गावातला मी पहिलाच, आणि अजून तरी शेवटचा.

मी नरेश. शेती करतो, आणि शेतीपेक्षा जास्त बांधाचं काम करतो. खाडीकाठच्या गावांत बांध कुठे खचतोय, कुठे भर घालायची, नवा घालायचा तर कुठून न्यायचा, हे बघायला मला बोलावतात. काही गावं माझं ऐकतात. काही गावं चहा पाजून वाटेला लावतात. दोन्हीची मला सवय आहे, कारण पहिल्यांदा मला वाटेला लावलं ते माझ्याच गावाने.

आमचं गाव गडबपासून आत, खाडीच्या अंगाला. हायवेवरून जाणाऱ्याला नुसती भातशेती दिसते. ती साधी शेती नाही. ही जमीन एकेकाळी खाडीची होती. आमच्या वाडवडलांनी खाडीतलाच चिखल उचलून कडेने बांध घातला, खारं पाणी बाहेर ठेवलं, पावसाने वरचं मीठ धुऊन निघू दिलं आणि आत भात पेरलं. हिला आम्ही खार म्हणतो. बांधात झडप बसवलेली मोरी असते, ती उघाडी. ओहोटीला ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते. बांध आहे तोवर शेत आहे, इतका सरळ हिशेब.

बांधाचा वैरी म्हणजे चिंबोरी, खाडीतला खेकडा. ती बांधात बीळ करते. भरतीला त्या बिळातून करंगळीएवढी धार आत येते. सकाळी ती कुणाच्या नजरेतून सुटली तर संध्याकाळी तिथे हात जातो, आणि उधाणाची भरती असली तर दुसऱ्या दिवशी बैलगाडी जाईल एवढं भगदाड. त्याला खांड म्हणतात. "खांड गेली" अशी हाक आली की आमच्याकडे भरल्या ताटावरून उठतात. घरटी एक माणूस, बाई असो की बाप्या, बांधावर धावतो आणि चिखलाची ढेकळं हातोहात देत जागा बुजवली जाते. म्हणून आमच्याकडे चालायला लागलेल्या पोराचीही सवय ठरलेली असते. कडेला भोक दिसलं, त्यातून पाणी येताना दिसलं, की चिखल उचलायचा, आत कोंबायचा, टाचेने दाबायचा. विचार नंतर करायचा.

आमचं शेत खारीच्या अगदी टोकाला, बांधाला लागून. खांड जायची ती नेहमी तिथेच. खारं पाणी शिरलं की त्या वर्षीचं भात जातं आणि पुढची दोन वर्षं माती धड पिकवत नाही. तरी बाबा दर वर्षी पेरायचे. पण प्रश्न एकट्या आमच्या शेताचा नव्हता. आमच्या मागे अख्ख्या गावाची खार. टोकाची खांड वेळेत बुजली नाही तर खाडी तिथून खोल वाट पाडते, मग आत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात, आणि तिवर तोडायला कायद्याने बंदी आहे. गेलेली जमीन परत मिळत नाही. आसपासच्या काही गावांची अशी गेली आहे. त्यामुळे आमच्या शेतातली खांड ही गावाची चिंता होती, आणि बाबांना त्याची शरम वाटायची, जणू खाडीला त्यांनीच बोलावलं असावं.

मी रोह्याला शेतीची पदविका केली आणि काही दिवस तिथल्याच एका कंपनीत शिफ्टमध्ये काम केलं. एकदा कोलाडच्या नाक्यावर मिसळ खाताना आमचे जुने सर भेटले. म्हणाले, हॉलंडला शिकाऊ शेतकरी म्हणून बाहेरच्या देशांतले तरुण घेतात, तू खारीतला आहेस, तुला तिथे करमेल. मला हॉलंड म्हणजे गाई आणि फुलं एवढंच माहीत होतं. घरी सांगितलं तर आई रडायला लागली, पण बाबा एकदम ताठ बसले. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"तिकडची लोकां समुद्र आडवतात," ते म्हणाले. "कसा आडवतात ते शिकून ये. बाकी काय नको आनू."

ही बातमी गावभर झाली. जायच्या दिवशी लोक आले ते मला निरोप द्यायला नाही, समुद्र अडवायची युक्ती आणायला पाठवायला.

शिकाऊ म्हणजे काय, ते स्पष्ट सांगतो. शिकाऊ म्हणजे मजूरच, फक्त त्याला प्रश्न विचारायची मुभा असते. पहाटे उठायचं, यंत्र धुवायचं, बियाण्याच्या बटाट्यातले सडके वेगळे करायचे, परत यंत्र धुवायचं. तिथली माणसं यंत्र जितक्या वेळा धुतात तितक्या वेळा आमच्याकडे नवऱ्या मुलालाही न्हाऊ घालत नाहीत. माझे मालक हेंड्रिक, वय पासष्टच्या पुढे, उंची अशी की बोलताना माझी मान दुखायची. त्यांची बायको मारिका. मुलं शहरात. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण बापाच्या वयाच्या माणसाला नुसतं हेंड्रिक म्हणणं माझ्या जिभेला जमेना. मी काका म्हणायला सुरुवात केली, तर मारिकाबाई हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. त्यांच्याकडे लहान मुलाच्या शीला काका म्हणतात. मग मामा करून बघितलं, तर तिथे मामा म्हणजे आई. शेवटी आबा म्हणालो. त्या शब्दाला तिथे वाईट अर्थ नव्हता, म्हणून तोच टिकला.

आईने बॅगेत सुकट घातली होती. एका थंडगार संध्याकाळी मी ती तव्यावर भाजली. मारिकाबाईंनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, अंगावर कोट चढवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आबा मात्र वास काढत स्वयंपाकघरात आले. त्यांच्या समुद्रातही तेवढीच बारीक कोळंबी मिळते, पण ती वाळवून भाजायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी ती बटाट्याबरोबर खाल्ली आणि उरलेली कागदात गुंडाळून कपाटात लपवली. त्या दिवसापासून आमचं जमलं. आमचं दोघांचंही इंग्रजी कामापुरतंच होतं, त्यामुळे गैरसमज व्हायला फारशी जागा नव्हती.

आता माझा पराक्रम. बटाट्याची लावणी झाली आणि पाऊस लागून राहिला. एका रविवारी आबा आणि मारिकाबाई चर्चला गेले होते. मी समुद्राकडच्या शेताच्या कडेने फिरायला निघालो. शेताला लागून पाण्याचा चर होता आणि चराच्या मातीच्या काठाला, गवताखाली, ओळीने भोकं होती. प्रत्येक भोकातून पाण्याची धार वाहत होती. माझ्या अंगावर काटा आला. इतकी भोकं, आणि कुणाचं लक्ष नाही. आमच्याकडे पाणी बाहेरून आत येतं, इथे ते आतून बाहेर येत होतं, एवढं दिसत असूनही डोक्यात शिरलं नाही. शिरलं असतं तरी भातवाल्याला शेतातलं पाणी बाहेर जाणं हाही गुन्हाच वाटतो. मी चरात उतरलो, चिकणमाती काढली, ढेकळं मळली आणि एकेक भोक बुजवत गेलो. आत चिखल, त्यावर गवताचा गड्डा, त्यावर परत चिखल, आणि बुटाच्या टाचेने ठोकून घट्ट. जेवायची वेळ होईपर्यंत पूर्ण ओळ झाली. दुपारी मी अभिमानाने सांगितलं की तुमच्या काठाची सगळी भोकं बुजवली. आबांना वाटलं मी उंदरांबद्दल बोलतोय. ते म्हणाले, छान केलंस.

जाणकार वाचकाला कळलंच असेल. तिकडे जमिनीखाली मातीचे नळ पुरलेले असतात. पावसाचं जादा पाणी त्यांतून झिरपून चरात जातं, म्हणून बटाटा सडत नाही. मी त्या अख्ख्या शेताचं नाक दाबून ठेवलं होतं. दोन-तीन दिवसांत सऱ्यांमध्ये पाणी साचलं. आबा चरात गुडघ्यांवर बसून फावड्याने खरवडत होते आणि माझं बूच निघता निघत नव्हतं.

"हे तू केलंस?"

"हो आबा."

"कुणी शिकवलं?"

मला वाटलं, आता बॅग भरायची. पण ते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चराच्या काठावर बसून त्यांना आमची खार सांगितली. चिंबोरीचं बीळ, करंगळीएवढी धार, खांड, हातोहात दिलेली ढेकळं, टोकाचं शेत. काही हातवारे करून सांगितलं, काही चिखलात काढून दाखवलं. बाबांनी मला कशासाठी पाठवलंय तेही सांगितलं. ते ऐकून त्यांनी फावडं काठावर रोवलं. मग म्हणाले, "बाकीची बुचं नंतर काढू. चल, तुला एक भोक दाखवतो, जे तुला बुजवता येणार नाही."

ते मला समुद्राच्या बांधावर घेऊन गेले. बांध कसला, टेकडीच ती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाली आमचं बटाट्याचं शेत, आणि शेताच्या पलीकडे आतल्या अंगाला आणखी एक नवा, याहूनही उंच बांध. मी रोज तो बघत होतो. मला वाटायचं, श्रीमंत देश आहे, दोन-दोन बांध घालत असतील.

"हे शेवटचं पीक," आबा म्हणाले. "हे निघालं की हा बांध फोडणार."

"कोण फोडणार?"

"सरकार."

"चुकून?"

"नाही. यंत्र लावून."

मी पुन्हा पुन्हा विचारलं, कारण मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. ते कमी पडत नव्हतं. ते शेत आबांच्या आजोबांनी समुद्रातून काढलं होतं. आबा या गोष्टीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले होते, प्रत्येक सभेला उभे राहिले होते, फाटकावर पाटी लावली होती, आणि हरले होते. बदल्यात त्यांना आतल्या बाजूला दुसरी जमीन मिळाली होती. तिच्याबद्दल ते कधी बोलत नसत.

"का पण?" मी विचारलं.

"वादळाची लाट सरळ बांधावर आपटली की कितीही उंच बांध कमी पडतो. बांधासमोर चिखल असला, त्यात गवत असलं, तर लाट येता येता दमते. म्हणून त्यांना माझं शेत हवंय. माझ्या मागची सगळी शेतं वाचावीत म्हणून."

"मग तुम्हाला हे पटलंय?"

"पटलं नसतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "भांडत राहिलो असतो."

मला तर अजिबात पटलं नाही. ज्या देशात समुद्र अडवायला शिकायला आलो, तो देश माझ्या डोळ्यांदेखत समुद्राला आत घेणार होता. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "येड्यांच्या घरी गेलास काय रं?" आणि नंतर विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं कसं व्हनार?"

आबांनी मला एका सुट्टीच्या दिवशी अशा जागी नेलं जिथे हे आधीच करून झालं होतं. बाहेर सगळा चिखल, त्यावर खारं गवत, पक्षी, आणि मागे बांध. बांधाच्या पायथ्याला साधी चीर नव्हती. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात आमच्या गावाच्या बांधावरून चालायला लागलो. उघाडीपाशी बांधासमोर दाट तिवरं आहेत. तिथे कधी खांड गेली नाही. स्मशानाच्या बाजूलाही तिवरं आहेत. तिथेही नाही. टोकाला, आमच्या शेतासमोर, खाडी वळते आणि थेट बांधाचा पाय खाते. तिथे तिवराचं एक झाड नाही, कारण त्याला उभं राहायला जागाच नाही. हे मला जन्मापासून दिसत होतं आणि मी कधी जोडून बघितलं नव्हतं. खाडीला तिथे जागा हवी होती. आणि ती जागा म्हणजे बाबांचं शेत. त्या संध्याकाळी मी बटाटे ताटात तसेच ठेवून उठलो. मारिकाबाईंना वाटलं, मला घरची आठवण येतेय. ते काही खोटं नव्हतं.

शेवटचं पीक काढून झाल्यावर आबांनी ते शेत नांगरलं. नांगरायची काहीच गरज नव्हती. मी विचारलं नाही. बांध फोडायच्या दिवशी सकाळी ते गोठ्यामागच्या शेडमध्ये यंत्र उघडून बसले. मारिकाबाई मला म्हणाल्या, "तू जा. या घरातलं कुणीतरी तिथे असलं पाहिजे." मी गेलो. दुर्बिणी घेतलेली माणसं होती, कॉफी होती, कुणीतरी भाषण केलं. मग दोन पोकलेन बांध खणायला लागले आणि भरती चढल्यावर पाणी आत आलं. आमच्याकडे ते धावत येतं, घरात शिरलेल्या बैलासारखं. इथे ते हळू आलं. आधी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत शिरलं, मग नांगरटीच्या ओळींमधून सरकत गेलं. माझे हात आपोआप चिखल शोधत होते. आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत होते आणि मला रडू आलं. परक्या माणसाचं शेत होतं, पण पाणी आत येताना बघणं मला कुणाच्याही शेतात जमत नाही.

संध्याकाळी आबांनी एकच विचारलं. "आधी कुठून आलं?"

"डाव्या कोपऱ्यातून. चाकोरीतून."

"तिथे जमीन नेहमीच खाली होती," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

हिवाळ्यात मी परत आलो. मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं. माझ्यासाठी चक्क खुर्ची ठेवली होती. युक्ती ऐकायला बाया मागे उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, आणि मग म्हणालो की टोकाचा बांध राखत बसण्यात अर्थ नाही. आमचं शेत बाहेर सोडायचं, त्याच्या मागच्या कडेवर नवा बांध घालायचा. बाहेर तिवरं आपोआप उगवतील आणि तीच बांधाला राखतील. आमच्या मागच्या कडेला लागून शेत काशिनाथकाकांचं. ते उठले. "आडवायला शिकायला धाडला, ह्यो सोडायला शिकून आला," ते म्हणाले. सगळे हसले. "तुझा बाप तिथं जल्मभर ढेकळं टाकतो हाय. त्याला विचारलंस काय?"

विचारलं नव्हतं. बाबा तिथेच बसले होते. त्यांनी टोपी उचलली आणि घरी निघून गेले. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताटात मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, आई मला सांगायची. आई एकदा म्हणाली, "त्यांनी पोटाला कमी केला, पन त्या शेताला बियाणं कमी केला नाय. तू कसा रे बोललास?" मला माझं म्हणणं खरं वाटत होतं आणि तरीही तोंड वर करायची सोय नव्हती. बाबांनी मृगाच्या आधी त्याच शेतात भात पेरलं. मीही त्यांच्यासोबत पेरायला होतो.

त्या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला सकाळी हाक आली. खांड टोकालाच गेली होती. घरटी एक माणूस आला, आमच्या घरातून दोघं. माझ्या एका बाजूला काशिनाथकाका, दुसऱ्या बाजूला बाबा. ढेकळं हातोहात पुढे जात होती आणि पाणी ती गिळत होतं. नेहमी दोन तासांत जागा भरत आणायचो, पण त्या दिवशी टाकलेलं प्रत्येक ढेकूळ बाजूचा बांधही घेऊन जात होतं. आमच्या शेतावरून पाणी काशिनाथकाकांच्या शेताच्या कडेला जाऊन टेकलं. ओहोटी लागली तेव्हा आम्ही सगळे छातीपर्यंत चिखलाने भरलेलो, आणि खांड तशीच उघडी. पुढची भरती संध्याकाळची. तोवर काही केलं नाही तर पाणी गावाच्या खारीत शिरणार हे सगळ्यांना कळत होतं. शेत सोडा, असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी ढेकूळ मळत राहिलो. ते बोलायचा हक्क माझा नव्हता.

बाबांच्या हातात एक ढेकूळ होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"हितं नको," ते म्हणाले. "मागं चला."

कुणी हललं नाही. काशिनाथकाका बाबांना म्हणाले, "गनपत, अजून येळ हाय. बुजवू."

"नाय बुजायची. काश्या, तुझ्या न् माझ्या मधल्या कडंवर टाका." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "शेत माझा हाय. सोडायचा तर मीच सोडनार. पोरानं कशाला सोडायचा?"

मग ते स्वतः पुढे झाले आणि आपल्या भाताच्या रोपांमधून चालत मागच्या कडेला गेले. त्यांच्या मागे आम्ही. त्या दिवशी संध्याकाळच्या भरतीपर्यंत पूर्ण गावाने त्या बुटक्या कडेचा बांध केला. बाया पदर खोचून चिखल वाहत होत्या. काशिनाथकाकांनी आपल्या घराची लाकडं आणून खुंट ठोकले. भरती आली, कडेला टेकली, वर चढली आणि तिथेच थांबली. बाबा शेवटपर्यंत उभे होते. पाणी उतरायला लागल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी जा. आईला चाय टाकायला सांग." कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी थेट बोलले होते. मी घरी पोचेपर्यंत रडत होतो आणि चिखलामुळे ते कुणाला दिसलं नाही.

दिवाळीनंतर त्याच रेषेवर पोकलेन लावून पक्का बांध घातला. आता तो बांध बघायला दुसऱ्या गावांतून लोक येतात आणि मी त्यांना फिरवून दाखवतो, त्यात मला अजिबात संकोच वाटत नाही. बांध चांगला आहे. पण कुणी म्हणालं, नरेशने हॉलंडहून युक्ती आणली, तर मी दुरुस्त करतो. युक्ती मी आणली, शेत बाबांनी दिलं. दुसऱ्या गावांत मी बोलायला उभा राहतो तेव्हा आधी विचारतो की टोकाचं शेत कुणाचं. तो माणूस सभेत नसेल तर मी काही न बोलता परत येतो. हे मला हॉलंडने शिकवलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी त्या सोडलेल्या शेतावर कमरेभर चढायला लागलं. मी आबांना फोटो पाठवला. त्यांनी उलट विचारलं, तुझे वडील बघायला जातात का? मी लिहिलं, रोज. आबांचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. लिहिलं होतं, मी अजून गेलो नाही.

बाबा खरंच रोज जायचे. बांधावर बसून तंबाखू मळायचे आणि पाण्याकडे बघायचे. मला वाटायचं, ते हळूहळू शेत विसरतायत. एका दुपारी मी त्यांच्यासोबत बसलो होतो. काशिनाथकाका आणि त्यांचे जावई मासे धरायला जाळं घेऊन त्या शेतातल्या पाण्यात उतरले आणि मधूनच पलीकडे निघाले. बाबा उठून उभे राहिले.

"काश्या," त्यांनी हाक मारली, "कडंकडंनं जा रे. माझा भात तुडवू नको."

जावई हसले. काशिनाथकाका कमरेभर पाण्यात थांबले. त्यांनी बाबांकडे बघून मान हलवली, जावयांना दंडाला धरून बाजूला घेतलं आणि जिथे एकेकाळी शेताची कड होती तिथून, पाय चाचपत, कडेकडेने गेले.